पाठीवरचे दोन ठिपके

"पोट दिसायला लागायच्या आत शोधनिबंध लिहून पाठव," विबेके मला म्हणाली होती. "एकदा तू लाल रेषेच्या अलीकडे राहायला लागलीस, की ते प्रथिन तुझं राहिलं नाही म्हणून समज."

मी हसण्यावारी नेलं. विबेके आमच्याच मजल्यावरच्या दुसऱ्या गटाची प्रमुख, दोन मुलांची आई, तोंडाची फटकळ. तिला जिथे तिथे चोर दिसतात, असं आम्ही तिच्या मागे म्हणायचो. लाल रेषा आहे ती चुंबकाच्या दालनात, जमिनीवर आखलेली. तिच्या आत घड्याळ न्यायचं नाही, बँकेचं कार्ड न्यायचं नाही आणि पोटुशी बाई असेल तर तिने स्वतःच जायचं नाही.

"प्रिबेन तसा नाहीये गं," मी म्हटलं. "तोच म्हणाला, निवांत रजा घे, ठिपके कुठे पळून जात नाहीत."

"ठिपके नाही पळत," विबेके म्हणाली. "नावं पळतात."

प्रिबेन आमचा प्राध्यापक. आमच्याकडे प्राध्यापकालाही नावाने हाक मारतात आणि अरे-तुरे करतात. शुक्रवारी सकाळी तो सगळ्यांसाठी ताजे पाव आणतो, लोणी स्वतःच्या हाताने लावून देतो. ज्याला 'अरे' म्हणता येतं त्याच्यावर फार चटकन विश्वास बसतो.

ठिपके मात्र माझे होते. एनएमआर, म्हणजे आमचं ते चुंबकाचं यंत्र, त्यात प्रथिनाचा फोटो निघत नाही. चुंबकात नळी सोडायची, रेणूंना हळूच धक्का द्यायचा आणि ते जे पुटपुटतात ते टिपून घ्यायचं. पडद्यावर दिसतात ते ठिपके, पावावरच्या खसखशीसारखे विखुरलेले. एकेक ठिपका साखळीतल्या एकेका दुव्याचा. कुठला ठिपका कुठल्या दुव्याचा, हे लावण्यात माझं वर्षाहून जास्त गेलं. डोळे मिटले तरी ते मला दिसायचे.

आमचं प्रथिन एका जंतूचं. त्याच्या अंगात एक खळगा आणि खळग्यावर झाकण. झाकण मिटलेलं असेल तर औषधाला आत शिरायला वाव नाही. माझ्या चित्रात झाकणाकडचे ठिपके फिके आणि पसरट येत होते, आणि ठिपका असा पसरला की समजायचं, तिथे काहीतरी हलतंय. म्हणजे झाकण अधूनमधून उघडत होतं! प्रिबेन नाचायचाच बाकी होता.

फक्त दोन ठिपके मला स्वस्थ बसू देत नव्हते. ते प्रथिनाच्या पाठीवरचे, झाकणापासून पार दुसऱ्या टोकाला. झाकण हललं तर पाठीला काय व्हायचंय? तरी तेही तसेच पसरलेले. माझ्या मनात पाल चुकचुकली. आम्ही एनएमआरवाले हावरट असतो. रेणूंचा आवाज फार क्षीण, म्हणून इवल्याशा नळीत मावेल तितकं प्रथिन कोंबतो. त्या गर्दीत एकाचं झाकण दुसऱ्याच्या पाठीला चिकटत असेल, सुटत असेल, पुन्हा चिकटत असेल. तसं असेल तर झाकण उघडत वगैरे काही नाही. नुसती धक्काबुक्की चालली आहे.

तपासायचा उपाय साधा. प्रथिन निम्म्यावर आणायचं आणि पुन्हा मोजायचं. गर्दी कमी झाल्यावर पसरटपणा कमी झाला, तर झाकणाची गोष्ट खोटी. अडचण एवढीच, की प्रथिन अर्धं केलं की तितकंच स्वच्छ चित्र यायला वेळ चौपट लागतो.

"चौपट?" प्रिबेन म्हणाला. "दोन ठिपक्यांसाठी?"

"त्या दोन ठिपक्यांवर सगळं उभं आहे, प्रिबेन."

"सोल्वाय, तू ज्यांवर उभी आहेस त्या पायांचं बघ आधी. सुजलेत किती. आणि नळी आत कोण सोडणार? तू तर रेषा ओलांडायची नाहीस." त्याने यंत्राच्या वेळापत्रकातलं माझं नाव माझ्यासमोर काढून टाकलं आणि खिशातली लिकोरिसची, ज्येष्ठमधाची काळी गोळी माझ्यापुढे धरली. "घरी जा. पाय वर करून बस. आलीस की करू."

मी गोळी घेतली.

रुना झाली तेव्हा थंडी सुरू झाली होती. आमच्याकडे थंडीतही सगळ्यांची बाळं झोपतात तशी तीही दुपारी बाहेर, अंगणात, बाबागाडीत झोपायची. बाकीच्या आया त्या वेळात कॉफी पितात. मी खिडकीच्या काचेला नाक लावून बसायचे. तिच्या तोंडातून वाफेचा एक पुंजका निघाला की पुढच्या पुंजक्याची वाट बघायचे. तो यायला जरा उशीर झाला की अनवाणी धावत बाहेर.

"ती श्वास घेतेय, सोल्वाय," माझा नवरा ट्रोल्स म्हणायचा. "तेवढं तिला येतं."

त्या हिवाळ्यात एस्बेन आमच्याकडे यायला लागला. प्रिबेनकडे पीएचडी करणारा, पश्चिम किनाऱ्यावरच्या थी भागातला, बोलताना स्वतःच्या बुटांकडे बघणारा मुलगा. पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या आईने विणलेली बाळासाठीची टोपी घेऊन आला.

"आई म्हणाली, रिकाम्या हातानं जाऊ नकोस," तो बुटांना म्हणाला. "आणि प्रिबेन म्हणाला, ठिपक्यांचं काम आता माझ्याकडे, तुला विचारलं तर चालेल."

रुनाला अंगावर घेऊन मी त्याला सगळं सांगितलं. हा ठिपका या दुव्याचा कसा, तो शेजारच्यावर का चढलाय, कुठला हुलकावणी देतो. पाठीवरच्या दोघांबद्दलही सांगितलं. "ते अर्ध्या प्रमाणावर मोजायचंय, विसरू नका," म्हटलं. त्याने मान डोलावली. पुढच्या वेळी आला तेव्हा म्हणाला, "त्या दोघांची काळजी मिटली म्हणे." मी रुनाचा ढेकर काढत होते. मला वाटलं, कोणीतरी मोजलं असेल आणि निघालं असेल माझंच चूक. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? झाकण खरंच उघडत होतं तर!

वसंतात निबंध छापून आला. ट्रोल्सने मोबाइलवर वाचून दाखवला. मथळ्याखाली एस्बेनचं नाव, प्रिबेनचं नाव, आणखी दोघांची. माझं शोधत तो खाली खाली जात राहिला.

"आहे," तो म्हणाला. "अगदी शेवटी आहे."

"वाच ना."

"'उपयुक्त चर्चेबद्दल आभार.'"

मी आकृत्या बघितल्या. माझे ठिपके, माझ्या खुणा. फक्त पाठीवरचे दोन नव्हते. अर्ध्या प्रमाणाच्या मोजणीचा कुठे शब्द नव्हता. टीप होती: हे दोन ठिपके इतरांवर चढलेले असल्यामुळे वगळले आहेत. चढलेले? ते दोघे मोकळ्या मैदानात उभे असतात, माझ्या आईलासुद्धा दिसतील.

रजा संपवून गेले त्या पहिल्याच शुक्रवारी मी पावाच्या टेबलाशी प्रिबेनला गाठलं.

"माझं नाव कुठे गेलं?"

"खाली आहे की." तो लोणी लावत होता. "वर नाव घालायचं तर शेवटच्या मोजणीत भाग असावा लागतो."

"ठिपके मी लावलेत."

"ठिपके प्रथिनाचे आहेत, सोल्वाय." टेबलाभोवती एकदोघे हसले. मग तो माझ्याकडे झुकून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या प्रेमाने म्हणाला, "दूध पाजणाऱ्या बाईचा मेंदू ताळ्यावर यायला वेळ लागतो. दुधाळ होतो जरा. घाई करू नकोस. पाव घे."

तेव्हा सगळे हसले. एस्बेन हसला नाही. तो बुटांकडे बघत होता, आणि मला वाटलं, लाजतोय चोर.

विबेकेने मला तिच्या गटाच्या वाट्यातला यंत्रावरचा वेळ दिला. "कशाला हवाय ते विचारत नाही," म्हणाली. प्रथिन निम्म्यावर आणून मी नळी स्वतः आत सोडली. चौपट वेळ लावून ठिपके उगवले तेव्हा झाकणाकडचे नीटस, गोल आले होते. पाठीवरचे दोघेही. धक्काबुक्की संपली होती. झाकण कधीच उघडत नव्हतं.

विबेकेने पडद्याकडे बघून शीळ घातली. "नियतकालिकाला कळव आणि मोकळी हो."

"मला मोकळं नाही व्हायचंय. मला त्याचा चेहरा बघायचाय."

"प्रिबेनचा?"

"सगळ्यांसमोर. पाव वाटतो ना तसा, सगळ्यांसमोर."

एस्बेनची जाहीर परीक्षा शरदात होती. तोपर्यंत मी गप्प राहिले. हेरिंग मासे व्हिनेगरात ठेवतात तसा तो प्रश्न मी मुरत ठेवला. रुनाची दुपटी धुताना त्याचे शब्द जुळवायचे, गाडी ढकलताना पुन्हा बदलायचे. ट्रोल्स म्हणाला, "हल्ली तू खिडकीशी कमी बसतेस. छान." छान काय, मला नवीन काहीतरी राखायला मिळालं होतं.

आमच्याकडे पीएचडीची परीक्षा दार उघडं ठेवून होते. कोणीही येऊन बसावं. परीक्षकांचं झालं की अध्यक्ष विचारतो, सभागृहातून कोणाचा प्रश्न? तो प्रश्न म्हणजे नुसती शोभा असते. एखादा मित्र काहीतरी सोपं विचारतो, सगळे हसतात आणि खोलीबाहेर शॅम्पेनच्या बाटल्या उघडतात.

पुढच्या रांगेत एस्बेनचे आईवडील बसले होते. वडिलांचा सूट खांद्यात दाटत होता. प्रिबेन बाजूच्या खुर्चीत, पायावर पाय टाकून. ट्रोल्स बाहेर रुनाची गाडी पुढेमागे करत होता. दाराच्या काचेतून मला गाडीचं टोक दिसेल अशी जागा मी धरली होती. एस्बेन छान बोलला. बुटांकडे एकदाही बघितलं नाही.

अध्यक्षाने विचारलं आणि मी हात वर केला.

"तुझ्या आकृतीत पाठीवरचे दोन ठिपके नाहीत. का वगळलेस?"

"ते... चढलेले आहेत."

"कशावर?"

तो पडद्याकडे वळला. माझ्याइतकंच त्यालाही ते मैदान पाठ होतं.

"आणि हे सगळं अर्ध्या प्रमाणावर मोजलंस का? कारण मी मोजलंय. पसरटपणा जातो. झाकण उघडत नाही, एस्बेन. रेणू एकमेकांना चिकटतात."

उट्रेख्टहून आलेल्या परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. एस्बेनने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, निव्वळ गोंधळ होता.

"पण ते तर तू केलं होतंस," तो म्हणाला. "रजेवर जायच्या आधी. प्रिबेन म्हणाला, सोल्वायनं मोजलंय, काही फरक नाही, ते दोन ठिपके आता नुसते वाचणाऱ्याचा गोंधळ करतील, काढून टाक."

मी प्रिबेनकडे वळले. याच क्षणासाठी मी सगळा उन्हाळा घालवला होता. "प्रिबेन, माझी वेळ तूच काढून टाकली होतीस. माझ्या डोळ्यांसमोर. सांग इथे."

अध्यक्ष म्हणाला, "माफ कर. या सभागृहात प्रश्न फक्त उमेदवाराला विचारता येतात. मार्गदर्शकाला नाही."

नियम मला माहीत होता. माझ्या स्वतःच्या परीक्षेला मीही त्याच जागी उभी राहिले होते. इतके महिने शब्द न् शब्द घासून लावला आणि हे एवढं डोक्यात आलं नव्हतं, की उभा असतो तो फक्त मुलगा. मार्गदर्शकाला तोंड उघडायचीच गरज नसते. प्रिबेनने हाताची घडी घातली आणि मान किंचित तिरकी केली, एखादं गाणं ऐकत असल्यासारखी.

अध्यक्षाने एस्बेनला विचारलं, "स्वतः तपासलं नव्हतंस?"

"नाही," एस्बेन म्हणाला. सबब नाही. मला तेव्हा कळलं की हा मुलगा चोर नव्हता.

परीक्षक प्रिबेनला घेऊन दार लावून बसले. जेवणाच्या खोलीत एस्बेनच्या आईने घरून आणलेलं सगळं मांडलं होतं: हेरिंगचे काप, काळा पाव, बदामाच्या कड्यांचा उंच केक. त्यावर कागदी झेंडे. ती हातात सुरी घेऊन उभी होती.

"इतका वेळ लागतोच का?" तिने मला विचारलं. प्रश्नातलं फारसं तिला समजलं नसावं. माझ्या कडेवर रुना होती. "बाई गं, टोपी लहान झाली असेल आता. दुसरी विणते."

मी रुनाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

अध्यक्ष बाहेर आला. आज पदवीची शिफारस करता येत नाही. मोजणी पुन्हा करावी, प्रबंध सुधारावा, पुन्हा उभं राहावं. वडिलांनी विचारलं, "म्हणजे?" आणि आईने सुरी केकशेजारी ठेवली. झेंडे तसेच राहिले.

प्रिबेन माझ्याजवळ आला. "चांगला प्रश्न होता," तो म्हणाला. "मी त्याला पहिल्यापासून हेच सांगत होतो. आत परीक्षकांनाही तेच सांगितलं."

"तू खोटं बोलतोयस."

"तुझ्याकडे कोणी साक्षीदार आहे का?" त्याने रुनाच्या गालाला बोट लावलं. "गोड आहे हं."

मी त्याचा हात झटकला. रुना दचकून रडायला लागली आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्याकडे.

विबेके जिन्यात म्हणाली, "नेम चांगला होता. बसला भलत्यालाच."

एवढ्यावर मी थांबलेली नाही. निबंध मागे घेतला जाईल. पण प्रिबेनने नियतकालिकाला कळवलंय की चूक विद्यार्थ्याची, आणि त्याला नवीन, आणखी मोठं चुंबक मंजूर झालंय. मी विद्यापीठाच्या चौकशी समितीकडे तक्रार केली आहे. समितीच्या बाई म्हणाल्या, सभागृहात एस्बेन जे बोलला ते टिपणात 'उमेदवार गोंधळला' एवढंच आहे. त्याने स्वतः येऊन सांगायला हवं. त्याने सांगितलं तर प्रिबेन संपला. मी ते होताना बघणार आहे, पहिल्या रांगेत बसून. गरज पडली तर रुनाला शाळेत सोडून येईन आणि बसेन, पण बसेन.

फक्त एस्बेन येत नाही. त्याने खोली सोडली, पुन्हा मोजणी सुरू केलीच नाही. थीमध्ये त्याच्या काकाचं रिकामं घर आहे, तिथे जाऊन राहिलाय. मोबाइल बंद. मी त्याच्या आईला फोन केला, नाव न सांगता, त्याची सहकारी म्हणून. ती म्हणाली, "जेवण दाराशी ठेवते मी. कधी उचलतो, कधी तसंच असतं. आत या म्हणत नाही. आम्ही काय वाईट केलं त्याचं?" मग तिने आवाज ओळखला असावा. फोन ठेवला.

मी मोटार घेऊन तिथे गेले होते. रुना मागे झोपलेली. पडदा ओढलेला होता, धुराड्यातून धूर नव्हता आणि गारठा तर असा की स्टीअरिंग धरवत नव्हतं. दार वाजवलं, हाक मारली. आत जमिनीवरून काहीतरी सरकल्याचा आवाज आला आणि मग तेवढाही नाही. खिडकीला कान लावून मी उभी राहिले, रुनाच्या बाबागाडीशी उभी राहते तशी. माझ्यासाठी तो दार उघडणार नाही, आणि का उघडावं?

तो साक्षीला आला नाही तर नको येऊ दे. प्रिबेनचं मी बघून घेईन, दुसरा रस्ता शोधीन. पण तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला राहत असेल, सुट्टीत समुद्रावर जाणार असेल, तर एवढं करा. मासेमारांच्या पांढऱ्या खोपट्यांकडे जाणारा रस्ता आहे, वाळूच्या टेकड्या लागायच्या अलीकडे डाव्या हाताला काळं डांबर लावलेलं लाकडी घर. उजेड असताना जा. माझं नाव काढू नका, विद्यापीठाचं तर नकोच. रस्ता चुकलो म्हणा, पाणी मागा, काहीही म्हणा. पहिल्या हाकेला कोणी आलं नाही म्हणून परत फिरू नका, थोडं थांबा, पुन्हा वाजवा. आणि तो दारात आला, तर त्याचा चेहरा नीट बघा, जेवतोय का ते विचारा, आणि मला कळवा.